कॅरिअर, पॅनियर आणि तंबू: सोलापूर ते महाबळेश्वर, आणि त्यानंतरचा उन्हाळा

सायकलवर बिऱ्हाड बांधून डोंगरात जायचं असेल, तर पैसे आधी दणकट कॅरिअरवर आणि सगळ्यात हलक्या गियरवर घाला. तंबू, स्टोव्ह, अंथरूण-पांघरूण हे नंतर हळूहळू चांगलं घेता येतं. गेला पावसाळा संपता संपता मी हे सगळं सामान घेतलं, डिसेंबरात मित्र-मैत्रिणींबरोबर सोलापूरहून महाबळेश्वरपर्यंत नेलं, आणि नंतर आपल्याकडचा अख्खा उन्हाळा त्याच बॅगा लावून ऑफिस आणि लक्ष्मी मंडई केली. नव्याची नवलाई ओसरल्यावर काय टिकलं आणि काय नाही, ते लिहितेय.

सायकल साधी हायब्रिड आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, ७०० x ३८ चे टायर, डिस्क ब्रेक, मागच्या चाकाला ३६ आरे. पुढे ४८-३८-२८ दात्यांची तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चाकं) होतीच, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चाकांचा संच, बदलून ११ ते ३४ दात्यांची बसवून घेतली. कॅरिअर २५ किलो ओझं पेलणारा. पॅनियर म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना अडकवायच्या बॅगा. माझ्या प्रत्येकी २० लिटरच्या आहेत, ताडपत्रीसारख्या जाड कापडाच्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या. तंबू दोघींचा, दोन थरांचा, अडीच किलोच्या आसपास.

पाठीवर सॅक घेऊन जाऊ, पॅनियरचा खर्च कशाला, असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. तुळजापूरच्या सरावात ते बदललं. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, शेवटी घाट. सॅक पाठीवर असली की सगळं वजन बसायच्या हाडांवर आणि तळहातांवर येतं, पाठ घामाने चिंब होते आणि चढात मान वर करायला जड जाते. तेच वजन कॅरिअरला, चाकाच्या आसाजवळ खाली लटकलं की सायकल सरळ रेषेत चालते. फक्त दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. उभं राहून पेडल मारायचं नाही, कारण मागचा भाग डोलायला लागतो. आणि वळणावर ब्रेक जरा आधी धरायचा.

बॅगा भरायचीही रीत आहे. जड वस्तू, म्हणजे पाणी, हत्यारं, पीठ-तांदूळ, तळाशी आणि चाकाच्या आसाच्या पुढच्या बाजूला. कपडे वर. दोन्ही बॅगा हाताने उचलून वजन जुळतंय का बघायचं. तंबू वरच्या पट्टीवर लांबीत, आडवा नाही. आणि बॅग कॅरिअरवर जरा मागे सरकवून लावायची, नाहीतर दर फेऱ्याला टाच तिला घासते. माझ्या सायकलची पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी दांडी आखूड आहे, त्यामुळे ही जागा सापडेपर्यंत बराच वेळ गेला. विकत घेण्याआधी दुकानातच बॅग लावून, सीटवर बसून पेडल उलटं फिरवून बघा.

रस्ता असा होता: मोहोळमार्गे पंढरपूर, तिथून पिलीवचा घाट चढून म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, वर्धनगडचा घाट उतरून कोरेगाव आणि सातारा. पुढे यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली, तिथून लाँचने तापोळा, मग महाबळेश्वर, पाचगणी, पसरणीचा घाट आणि वाई. परत येताना सायकली एका छोट्या टेम्पोत घातल्या.

पंढरपूरपर्यंतचा रस्ता सपाट, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. एकच सांगते, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे आणि तिचे काटे साध्या टायरमधून आरपार जातात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी मिळते, ती मी घातली होती. ज्यांनी घातली नव्हती ते मोहोळच्या आधीच पंक्चर काढत बसले. आपल्या भागातल्या माणसाने ही पट्टी घालावीच. वजन थोडं वाढतं, वाढू द्या.

माण तालुक्यात कॅरिअरची खरी परीक्षा झाली. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. संध्याकाळी बघते तर कॅरिअरचा डावीकडचा खालचा बोल्ट दोन आटे सैल. कॅरिअर तुटतो तो बहुतेक वेळा असाच: एक बोल्ट सैल होतो, सगळा हिसका उरलेल्या तिघांवर जातो आणि मग ॲल्युमिनियमला चीर पडते. प्रवासात रोज संध्याकाळी चारही बोल्टांना ॲलन की लावायचीच, आणि घरी आल्यावर आटे धरून ठेवणारं निळं लोशन लावून ते बसवायचे. निळंच घ्या; लाल लावलं तर पुन्हा खोलताना बोल्ट तापवावा लागतो. ते लावल्यापासून आजपर्यंत एकही बोल्ट हललेला नाही, आणि सोलापूरचे खड्डे काही कमी नाहीत.

पॅनियरच्या हुकांबद्दल मात्र तक्रार आहे. वरचे हुक जाड नळीच्या मापाचे आहेत आणि कॅरिअरची नळी बारीक, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर सतत खडखडाट आणि एकदा तर बॅग उसळून खालचा हुक सुटला. विक्रेत्याने सोबत द्यायचे छोटे प्लास्टिकचे तुकडे डब्यात नव्हतेच. विचारल्यावर उत्तरही आलं नाही. उपाय घरचाच: जुन्या ट्यूबचे तुकडे कापून नळीवर घट्ट गुंडाळले. खडखड बंद, पकडही चांगली, नळीचा रंगही घासत नाही. उन्हाळ्यात ते रबर चिकट झालं म्हणून एकदा बदललं, एवढंच.

म्हसवडच्या पुढे एका वस्तीजवळ तंबू लावायला जागा विचारली, तेव्हा घरातल्या मावशी म्हणाल्या, "तायांनो, रानात कशाला, खळ्यावर लावा की. पानी हाय, लाईट हाय." अशी जागा मिळाली की ती घ्यावी. विचारल्याशिवाय कुणाच्या रानात तंबू ठोकू नये, हे आमच्या गटाचं ठरलेलं आहे. पण तिथली जमीन म्हणजे खालून मुरूम. तंबूबरोबर आलेल्या बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्यात वाकल्या. परत आल्यावर लोहाराकडून सळईच्या मेखा करून घेतल्या, टोकाला आकडा वळवून. जड आहेत, तरी दख्खनच्या जमिनीत त्याच चालतात. चार कोपऱ्यांना सळईच्या आणि दोऱ्यांना हलक्या, अशी आता वाटणी केली आहे.

आता गियरकडे येते, कारण ज्या दिवशी आम्ही तापोळ्याहून महाबळेश्वर चढलो त्या दिवशी सगळ्या गटात जो फरक पडला तो गियरमुळेच पडला. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरून निघायचं आणि सातशेएक मीटर उंची चढून महाबळेश्वरच्या पठारावर यायचं. रस्ता दाट झाडीतला, सावली भरपूर, पण चढ सुटत नाही. माझा सगळ्यात हलका गियर पुढे २८, मागे ३४. या जोडीत पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.८ मीटर पुढे सरकते. ताशी ६ किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला ५५ च्या आसपास फेरे होतात, म्हणजे पाय फिरत राहतात, श्वास लागतो पण गुडघा दुखत नाही. आमच्यातल्या एका मित्राची सायकल माझ्यापेक्षा कितीतरी महाग आणि हलकी, पण तिचा सगळ्यात हलका गियर पुढे ३४, मागे २८. त्याच वेगाला त्याचे फेरे मिनिटाला ४० च्याही खाली येत होते. प्रत्येक फेरा म्हणजे जड रहाट ओढल्यासारखा. तो तगडा गडी आहे, रोज सकाळी होटगी रोडला आमच्या पुढे असतो, आणि तरी अर्ध्याहून जास्त घाट त्याला सायकल ढकलत चढावा लागला. सपाटीवर सराव करणाऱ्या सोलापूरकराला हे घरी बसून कळत नाही, कारण तो गियर इथे कधी लागतच नाही. दुकानदार विचारेल, "एवढी मोठी कॅसेट कशाला?" तरी घ्या. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा आहे ना, तेवढं आधी तपासा.

पॅनियरचा आणखी एक फायदा बामणोलीला दिसला. लाँचमध्ये सायकली चढवायच्या तर सामानासकट उचलणं अशक्य. हुक काढून बॅगा वेगळ्या झाल्या, आधी त्या आत, मग हलक्या सायकली आडव्या. ज्यांचं सामान दोऱ्यांनी आणि जुन्या ट्यूबनी कॅरिअरला बांधलेलं होतं, त्यांच्या गाठी सुटेपर्यंत लाँचवाले दादा शांतपणे थांबले, हा त्यांचा चांगुलपणा. जलाशयातून जाताना दोन्हीकडे सह्याद्रीच्या उतरत्या सोंडा आणि मधे ते निळं पाणी. दुष्काळी मुलखातून सायकल मारत आलेल्या आम्हा सगळ्यांनाच भरून आलं. कोयनेच्या पाण्यासाठी उठलेली गावं आहेत या तळाशी, ते काठावरची माणसं आजही सांगतात.

कासच्या पठारावर तंबू लावायचा नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या, त्यांत कास आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की एक मेख ठोकली तरी तिथली पुढच्या पावसाळ्यातली फुलं जातात. डिसेंबरात फुलं नसतात, म्हणून माती रिकामी आहे असं कुणी समजू नये. आम्ही रस्त्यावरूनच गेलो आणि खाली बामणोलीत पैसे देऊन जागा घेतली.

तिथे तंबूची दुसरी बाजू कळली. माणमध्ये आतून थेंबही नव्हता. बामणोलीत, पाण्याकाठी, सकाळी बाहेरच्या थराची आतली बाजू ओलीचिंब, हात लागला की पाणी गळतंय. मैत्रिणीला वाटलं तंबू फुटला. तसं नसतं. दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर धरते, पाण्याजवळ हवा आधीच ओली असते आणि थंड हवा रात्री खोलगट जागी साठते. दुसऱ्या मुक्कामाला काठापासून थोडं वर, झाडाखाली, दोन्ही झरोके उघडे ठेवून लावला. ओल निम्म्याहून कमी झाली. एकच थर असलेला स्वस्त तंबू घेऊ नका असं मी म्हणते ते याचसाठी.

अंथरुणात एक मित्र हट्टाने सोलापुरी चादर घेऊन आला होता. माणमधल्या रात्री तिने मस्त साथ दिली, आणि मला स्वतःला त्या चादरीची ऊब कुठल्याही कृत्रिम पिशवीपेक्षा आवडते. पण ती सुती आहे, ओल धरते, वजन आहे आणि महाबळेश्वरच्या थंडीत एकटी पुरत नाही. वेण्णा तलावाच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे दंव गोठतं, हे दरवर्षी पेपरात येतंच. डोंगरातल्या मुक्कामाला पातळ स्लीपिंग बॅग आणि वर चादर, ही जोडी सगळ्यात चांगली.

स्टोव्ह छोट्या गॅसच्या डब्यावरचा. सपाटीवर झकास. महाबळेश्वरला पहाटे ज्योत अगदी मंद झाली, कारण डब्यातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला तयार नसतो आणि जळताना डबा स्वतःही गार होत जातो. रात्री डबा पांघरुणात घेऊन झोपायचं, सकाळी कोमट पाण्याच्या थाळीत ठेवायचा, मग चहा होतो. खाण्याचं म्हणाल तर मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्यापुढे बाजारातली सगळी तयार पाकिटं फिकी आहेत. शिजवायचं नाही, खराब होत नाही, वजन नाही, पोटाला धरून राहतं. वाटेत कुठे दही मिळालं की झालं जेवण. कडक भाकरीचा फक्त चुरा होतो, म्हणून ती स्टीलच्या डब्यात, बॅगेत सगळ्यात वर.

पसरणीचा उतार डिस्क ब्रेकने सुखाचा झाला. सतत ब्रेक दाबून धरायचा नाही, धरून सोडून धरून सोडून उतरायचं, आणि मधे थांबून खाली वाईकडे बघून घ्यायचं. एकीच्या सायकलला रिम ब्रेक होते, तिच्या रिमला हात लावता येत नव्हता इतकी तापली होती. पॅड मात्र माझेही घरी आल्यावर बदलावे लागले. मागच्या चाकाचा आउट, म्हणजे चाकाचं डगमगणं, मिस्त्रींकडून जाण्याआधी काढून घेतला होता, चाक परत येईपर्यंत सरळ राहिलं. २८ आऱ्यांच्या चाकावर तेवढंच ओझं लादलेल्या मित्राचा एक आरा वर्धनगडच्या उतारावर गेला आणि कोरेगावात दुपार गेली.

उन्हाळ्यानंतरची स्थिती अशी. पॅनियरचं कापड शाबूत आहे, शिवणीऐवजी जोड वितळवून केलेले असल्याने कुठे उसवलं नाही. ४२ अंशांत रोज उन्हात उभी राहिल्याने एका पट्ट्याचं बकल ठिसूळ होऊन तुटलं. बॅगांच्या दुरुस्तीवाल्याने चाळीस रुपयांत नवीन बसवून दिलं. हवा खेळत नसल्याने ओला टॉवेल आत राहिला तर वास येतो, आणि मंडईतली कोथिंबीर घरी येईपर्यंत मान टाकते. बाहेरून एक खिसा असता तर फार बरं झालं असतं. तंबूच्या दांड्यांमधलं इलॅस्टिक सैल पडलंय, ते गाठ मारून आखूड केलं. कापडाचा लेप ठीक आहे, कारण तंबू प्रत्येक वेळी सावलीत पूर्ण वाळवून, मोकळ्या सुती पिशवीत, कपाटात खाली ठेवला. ओला गुंडाळला तर लेप चिकट होऊन सोलपटतो आणि त्यावर सोपी दुरुस्ती नाही. गच्चीवरच्या कडक उन्हात वाळवू नका, त्याने कापड कुजतं.

कॅरिअर पुन्हा घेईन, डोळे झाकून. तंबूही. पॅनियर घेताना मात्र पुढच्या वेळी हुकाचं माप कॅरिअरच्या नळीला लावून बघेन आणि बकल धातूचं मागेन. नवीन कुणी सोलापुरातून सुरुवात करत असेल तर आधी रिकाम्या बॅगांनी तुळजापूर, मग भरलेल्या बॅगांनी एक रात्र नळदुर्गच्या बाजूला, आणि घाट त्यानंतर. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला.