प्रेपसाठी कॅथलिक शाळा की सरकारी? मेलबर्नमधल्या मराठी घरांसाठी

मेलबर्नमध्ये मराठी घरात मूल चार वर्षांचं झालं की हा प्रश्न ठरलेला. जवळच्या सरकारी शाळेत नाव घालायचं की कॅथलिक शाळेत? माझी मुलगी प्रेपपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या शाळेच्या पहिल्या वर्षापासून, कॅथलिक शाळेत शिकली. मुलाच्या वेळेपर्यंत आम्ही घर बदललं होतं आणि नव्या भागातल्या कॅथलिक शाळेत जागा नव्हती, म्हणून तो सरकारी शाळेत गेला. दोन्हीकडची दप्तरं मी रोज उघडली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवा. आपल्यातले बरेच जण मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या आठवणीवर निर्णय घेतात. तिथे कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या, तासाला जायची आणि बाकीची मॉरल सायन्सला बसायची. शिस्त मिळायची, इंग्रजी सुधारायचं, धर्म मात्र आपल्या वाट्याला फारसा यायचा नाही. इथे तसं नाही. वर्गावर सिस्टर जवळजवळ दिसतच नाहीत, शिक्षक संसारी माणसं असतात. आणि धर्मशिक्षणाचा तास अख्ख्या वर्गाचा असतो. वर्षातून दोनदा येणाऱ्या प्रगतिपुस्तकात त्याची नोंदही असते.

वाचन, लेखन, गणित यांत मला दोन शाळांमध्ये सांगण्यासारखा फरक दिसला नाही. अभ्यासक्रम व्हिक्टोरिया राज्याचाच. प्रेपच्या वर्षात अक्षरांचे आवाज, ते जोडून छोटे शब्द, वीसपर्यंतच्या संख्यांची पक्की ओळख. सरकारी शाळांत 2025 पासून प्रेप ते दुसरीपर्यंत रोज किमान 25 मिनिटं फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन, शिकवायचं ठरलं आहे. मेलबर्नच्या कॅथलिक शाळांनीही आता हाच रस्ता धरला आहे. प्रेपचा शंभरावा दिवस दोन्हीकडे साजरा होतो. मुलीने चवळीचे शंभर दाणे दहा-दहाच्या पुड्या बांधून नेले होते, चार वर्षांनी मुलाने आजीच्या डब्यातली शंभर बटणं नेली. तेव्हा ‘कॅथलिक शाळेत अभ्यास चांगला’ हे ऐकीव वाक्य जमेत धरू नका. तो त्या त्या शाळेचा आणि त्या त्या बाईंचा प्रश्न आहे.

खरा फरक कळतो तो टर्म कशी सरकते ते पाहिल्यावर. वर्षात चार टर्म, प्रत्येक साधारण दहा आठवड्यांची. कॅथलिक शाळेच्या वर्गात एका कोपऱ्यात प्रार्थनेचं टेबल असतं. त्यावर कापड, मेणबत्ती, बायबल, कधी मुलांनी आणलेली पानं-फुलं. कापडाचा रंग चर्चच्या ऋतूप्रमाणे बदलतो. एरवी हिरवा, ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत आणि नाताळाआधीच्या आठवड्यांत जांभळा, ईस्टर आणि नाताळात पांढरा. “आई, आज जांभळं घातलं” असं सांगत मुलगी घरी आली, तेव्हा मला आमच्या नवरात्रातल्या नऊ रंगांच्या साड्या आठवल्या. पाच वर्षांच्या मुलाला काळ असाच कळतो, रंगाने.

पहिल्या टर्मचा सगळा रोख ईस्टरकडे असतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचे ते चाळीस दिवस सुरू होतात त्या दिवशी, मुलगी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांनी विचारलं, “हा अंगारा कुठला गं?” मुलीने सांगितलं, गेल्या वर्षीच्या पाम संडेला चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि आता चाळीस दिवस एखादी आवडती गोष्ट सोडायची. सासूबाईंना चातुर्मासामुळे ते लगेच पटलं. मग पुठ्ठ्याची छोटी पेटी आली, कॅरिटास ऑस्ट्रेलिया या कॅथलिक मदतसंस्थेच्या ‘प्रोजेक्ट कम्पॅशन’ची. खाऊचे पैसे वाचवून त्यात टाकायचे, ते गरीब देशांतल्या कामाला जातात. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ती पेटी सहा आठवडे होती.

तिसऱ्या टर्ममध्ये, 8 ऑगस्टला, सेंट मेरी मॅकिलॉपचा दिवस येतो. ही 1842 साली इथल्याच फिट्झरॉयमध्ये जन्मलेली बाई. 1866 साली पेनोला गावातल्या एका तबेल्यात तिने गरिबांच्या मुलांसाठी शाळा थाटली आणि 2010 मध्ये ती ऑस्ट्रेलियाची पहिली संत झाली. मुलीला ती गोष्ट तोंडपाठ होती. त्या रात्री मी तिला 1848 सालच्या भिडे वाड्याची आणि सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. तिने दोघींची चित्रं शेजारी-शेजारी काढली.

अवघड प्रसंगही आले, आणि ते आधी कळलेले बरे. “येशूला मारलं त्या दिवसाला गुड का म्हणतात?” हा प्रश्न जेवताना आला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनाविधीत, कॅथलिक नसलेली मुलं हात छातीवर दुमडून पुढे जातात आणि फक्त आशीर्वाद घेतात. प्रेपमध्ये कुणाला काही वाटत नाही. चौथीत वर्गातल्या मैत्रिणी फर्स्ट कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीसाठी, पांढरे फ्रॉक घेतात, मेजवान्या होतात, तेव्हा वाटतं. माझी मुलगी त्या आठवड्यात गप्प होती. मी शिक्षिकेशी बोलले. त्यांनी मिस्सेतल्या वाचनाचं काम तिला दिलं आणि तिने ते छान केलं. पण खुपलं होतं हे खरं.

सरकारी शाळेत हे काही नाही. 2016 पासून व्हिक्टोरियात सरकारी शाळांच्या वर्गवेळेत धर्मशिक्षण होत नाही. तिथे भावना ओळखणं, राग आला तर काय करायचं, कुणाकडे मदत मागायची, हे ‘रिस्पेक्टफुल रिलेशनशिप्स’च्या तासात शिकवतात. पहिलीतला माझा मुलगा “मला आता निराश वाटतंय” असं वाक्य सरळ म्हणायचा, ते मला फार मोलाचं वाटलं. वर्गात दहा भाषांची घरं होती आणि दिवाळीला पणत्या रंगवल्या गेल्या. मात्र देव, मरण, त्याग हे शब्द शाळेतून घरी कधी आले नाहीत. ते सगळं घरी आणि रविवारच्या मराठी मंडळींत करावं लागलं, आणि आमच्याकडून ते बरंच राहून गेलं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी शाळेत आईवडिलांकडून ऐच्छिक रक्कम मागतात आणि तुमच्या हद्दीतल्या शाळेत जागा पक्की असते. कॅथलिक शाळेत फी असते आणि शाळेगणिक बदलते, अडचण असेल तर सवलत मागता येते. प्रवेशात त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी संधी, आपण नंतर. दुसरी भाषा बऱ्याच कॅथलिक शाळांत इटालियन असते.

माझं मत विचाराल तर, शिस्तीसाठी म्हणून कॅथलिक शाळा निवडू नका. घरात देवाचं काही चालत असेल, आणि मुलाने आणलेल्या येशूच्या गोष्टी उडवून न लावता तुम्ही ऐकणार असाल, तर ही शाळा मुलाला खूप देते. घर नास्तिक असेल किंवा धर्मशिक्षणाच्या तासाने अस्वस्थ होणार असेल, तर सरकारी शाळा घ्या आणि कसलीही खंत बाळगू नका. शाळा बघायला जाल तेव्हा प्रेपच्या वर्गातल्या त्या टेबलापाशी उभे राहा आणि विचारा, कॅथलिक नसलेलं मूल इथे या तासाला काय करतं. आमच्या शाळेतल्या बाईंनी उत्तर दिलं होतं, “मेणबत्ती लावायची पाळी सगळ्यांची येते.”