बीसीची एमएसपी: कार्ड मस्त, पण आधीचे तीन महिने जीव टांगणीला

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे बीसीत, नवीन येणाऱ्यांनो, तारीख बघून तिकीट काढा हो! इथल्या सरकारी आरोग्य विम्याला, म्हणजे एमएसपीला, वेटिंग पीरियड आहे, तुम्ही आलात तो उरलेला महिना अधिक पुढचे दोन महिने. आम्ही उतरलो ३ मार्चला, म्हणजे कव्हर थेट १ जूनपासून, आणि हेच २८ फेब्रुवारीला आलो असतो तर १ मेपासून मिळालं असतं, तीन-चार दिवसांसाठी अख्खा महिना गेला ना राव.

त्या मधल्या काळासाठी प्रायव्हेट विमा घेतला, कंपनीचं नाव नाही सांगत, पण नवऱ्याच्या बीपीला त्यांनी 'आधीचा आजार' म्हणून सरळ बाहेर काढलं आणि ते बारीक अक्षरात पान नऊवर होतं. वाचा म्हणजे वाचाच. आल्या आल्या एमएसपीचा फॉर्म मात्र ऑनलाइन भरून टाका, कव्हर सुरू व्हायची वाट बघत बसू नका. नंतर कार्डावरच्या फोटोसाठी आयसीबीसीच्या (इथली गाडीचा विमा आणि लायसन्स बघणारी सरकारी कंपनी) लायसन्स ऑफिसात जावं लागतं, तिथं दहा मिनिटांत काम झालं.

आता कार्ड हातात आहे, डॉक्टरकडे कार्ड दाखवलं की झालं, बिलच नाही! २०२० पासून महिन्याचा हप्ताही बंद झालाय, फक्त इंटरनॅशनल स्टुडंट्सना वेगळी फी आहे. दात, चष्मा यात धरू नका आणि ॲम्ब्युलन्सचे ८० डॉलर कार्ड असूनही द्यावेच लागतात.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो वेटिंगचा.