घरचा सर्व्हर इंदूरला, तुम्ही बाहेरगावी: उघडं एसएसएच, वायरगार्ड की टेलस्केल?

घर रामबागेत किंवा सुदामानगरात. कोपऱ्यात जुना लॅपटॉप नाहीतर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यावर डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली, आणि त्यात घरच्यांचे फोटो नि कागदपत्रं. तुम्ही मात्र नोकरीला पुण्यात. त्या डब्यात बाहेरून शिरायच्या वाटा तीन: राउटरवर पोर्ट (आकड्याने ओळखलं जाणारं दार) उघडून थेट एसएसएच (दूरच्या यंत्रावर लॉगिन करून आज्ञा चालवायची सोय), स्वतः उभारलेलं वायरगार्ड (दोन यंत्रांमधला कूटबद्ध बोगदा, म्हणजे व्हीपीएन), किंवा टेलस्केलसारखी तयार सोय. यातली कुठली भारी यावर वाद घालायला मजा येते, पण निम्मा निर्णय तुमच्या नेटवाल्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

राउटरचं ॲडमिन पान उघडून वॅन आयपी (राउटरला नेटवाल्याकडून मिळालेला पत्ता) बघा, मग ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडून दोन्ही आकडे ताडा. सारखे असले तर तिन्ही वाटा मोकळ्या. राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एका सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं जोडलेली, आणि तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले (म्हणजे आतल्या सर्व्हरकडे वळवले) तरी बाहेरचं पॅकेट तिथवर पोचतच नाही. काही नेटवाले यासाठी 10 ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. पण वॅन आयपी 192.168 ने सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. बहुधा नेटवाल्याचा फायबरचा डबाही राउटरचं काम करतोय आणि त्यामागे तुमचा स्वतःचा राउटर लावलेला आहे. तो डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, नुसता जोड) टाकून घ्या, किंवा दोन्हीकडे पोर्ट फॉरवर्ड करा. हे न तपासता सिल्व्हर मॉलमधून नवा राउटर आणण्यात अर्थ नाही.

सीजीनॅट असेल तर आयपीव्ही4 (नेहमीची, जुनी पत्तेपद्धत) वरून उघडं एसएसएच आणि घरच्या घरी वायरगार्ड दोन्ही बाद. वर्षाचे पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मिळतो का ते नेटवाल्याला विचारता येतं. आयपीव्ही6 (नवी पत्तेपद्धत) मिळत असेल तर तीही एक वाट आहे, पण तिथे नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं झाकणारी सोय) नसतं. राउटरच्या आयपीव्ही6 फायरवॉलमध्ये एकच पोर्ट मोकळा करायचा सोडून अख्खी फायरवॉल बंद केली, की घरातली सगळी यंत्रं उघडी पडतात.

उघडं एसएसएच

उभारायला सगळ्यात सोपं, आणि पुढे लक्ष ठेवायला सगळ्यात कटकटीचं. 22 नंबरचा पोर्ट उघडला की थोड्याच वेळात लॉगमध्ये रूट, ॲडमिन, पाय अशा नावांनी चाचपणी सुरू झालेली दिसते. पोर्ट बदलून 2222 केला तर गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. खरी सुरक्षा पासवर्ड बंद करून फक्त किल्लीवर (तुमच्या यंत्रावर ठेवलेली गुप्त फाइल) आत घेण्यात आहे, आणि लोक नेमके तिथेच फसतात. एसएसएचडीच्या (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहून निश्चिंत होतात, पण शेजारच्या ‘डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत ग्राह्य धरली जाते. उबंटूच्या तयार क्लाउड इमेजमध्ये तिथे क्लाउड-इनिटची (पहिल्यांदा सुरू होताना यंत्राची मांडणी करणारा प्रोग्राम) 50 नंबरची फाइल बसलेली असते, तिच्यात कधीकधी ‘येस’ असतं. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. सुडोने एसएसएचडी चालवा, त्याला उणे चिन्ह आणि कॅपिटल टी द्या. प्रत्यक्षात लागू असलेली सगळी कॉन्फिग छापून येते, त्यात पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ शोधा.

उबंटू 24.04 वर पोर्ट बदलूनही सर्व्हर 22 वरच ऐकत राहिला तर तो बिघाड नव्हे. तिथे पोर्ट सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) एसएसएच सॉकेटच्या हातात असतो. डेमन-रीलोड करून एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट करा.

फेल2बॅन (लॉगिनमध्ये वारंवार चुकणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारा प्रोग्राम) लावायचं तर त्याची मूळ सेटिंग माहीत असू द्या: 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटं बंदी. डेबियन 12 वर ते बऱ्याचदा चालूच होत नाही, कारण आरसिसलॉग (लॉग फाइली लिहिणारा प्रोग्राम) आता आपोआप येत नाही आणि ज्या ऑथ लॉग फाइलवर त्याची नजर असते ती फाइलच नसते. पायथॉन3-सिस्टमडी हे पॅकेज टाकून फेल2बॅनच्या ‘जेल डॉट लोकल’ फाइलमध्ये बॅकएंड ‘सिस्टमडी’ करा. तरीही, फक्त किल्लीवर चालणाऱ्या सर्व्हरला फेल2बॅनमुळे फार काही मिळत नाही, लॉग तेवढा स्वच्छ राहतो.

या वाटेचा खरा धोका वेगळाच. मार्च 2024 मध्ये एक्सझेड (फाइली दाबून लहान करणाऱ्या) लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत एसएसएचमधून घुसण्यासाठी पेरलेलं चोरदार उघडकीला आलं, आणि त्याच वर्षी जुलैत ओपनएसएसएचमधली रेग्रेशन नावाने गाजलेली त्रुटी जाहीर झाली. अशा वेळी तुमची किल्ली किती मजबूत हा प्रश्नच गौण, कारण दार जगाला दिसतंय. दर महिन्याला अपडेट करायचा कंटाळा असेल, तर या वाटेला जाऊ नका.

वायरगार्ड

सार्वजनिक आयपी असेल तर आमचा कौल इथे. मार्च 2020 मध्ये आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.6 पासून ते लिनक्समध्येच आहे. यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) 51820 हा एवढा एकच पोर्ट उघडायचा, आणि ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. एसएसएच मग फक्त बोगद्याच्या आतून.

याच गप्प स्वभावामुळे ते बिघडलं की चूक शोधायला जड जातं. एसएसएच निदान नकार तरी देतं. इथे किल्ली चुकली, पोर्ट चुकला, राउटर अडला, सगळ्याचं लक्षण एकच: शांतता. ‘डब्ल्यूजी शो’ चालवून ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ बघा. ती नसेल तर दोष किल्ली, पोर्ट किंवा पत्त्यात. ती आहे पण डेटा जात नाही, तर ‘अलाउड आयपीज’ (कुठले पत्ते बोगद्यातून जातील त्याची यादी) किंवा रूटिंगमध्ये. हँडशेक आहे, पिंगही जातं, पण एसएसएच लॉगिन करताना किंवा लांबलचक यादी छापताना अडकतं, तर दोष एमटीयूचा (एका पॅकेटचा कमाल आकार). मूळ 1420 हा आकडा 1500 बाइटच्या जोडणीसाठी धरलेला असतो. पीपीपीओई जोडणीत (नेटवाल्याचं नाव-पासवर्ड घालून चालणारी) 8 बाइट तिच्या स्वतःच्या आवरणातच जातात, म्हणून 1412 करा. खात्री नसेल तर आधी 1280 करून बघा. चाललं, तर दुखणं तेच होतं.

आणखी दोन खाचा. घरचा आयपी बदलत असेल आणि तुम्ही डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावलं असेल, तर नावावरून पत्ता फक्त बोगदा सुरू करताना एकदा शोधला जातो. रात्री घरचा पत्ता बदलला की तुमचा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर ठोठावत बसतो. इलाज: बोगदा खाली-वर करा, किंवा वायरगार्डच्या साधनांसोबत येणारी नावावरून पत्ता पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट टायमरवर लावा. दुसरी खाच, घरचं नेटवर्क 192.168.1 आणि पुण्याच्या फ्लॅटचंही तेच. मग घरच्या प्रिंटरकडे निघालेलं पॅकेट फ्लॅटमध्येच फिरत राहतं. इंदूरला पुढच्या वेळी गेलात की राउटरवर घरचा पट्टा 192.168.87 असा काहीतरी आडवळणाचा करून टाका.

टेलस्केल

आतून हेही वायरगार्डच, फक्त किल्ल्या वाटण्याचं आणि नॅट भेदण्याचं काम कंपनीचे सर्व्हर करतात. सीजीनॅटवाल्यांसाठी हाच सरळ मार्ग. पोर्ट उघडायचा नाही, राउटरला हात लावायचा नाही. होस्टेल-ऑफिसचं वायफाय यूडीपी अडवत असेल तर साधं वायरगार्ड तिथे मान टाकतं; टेलस्केल रिले (मधल्या) सर्व्हरमधून, वेबसाइटी वापरतात त्याच 443 पोर्टवरून जातं, संथ का होईना पण जातं. ‘टेलस्केल स्टेटस’मध्ये ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’ ते दिसतं. फोटोंचा बॅकअप रखडतोय असं वाटलं की आधी तिथे बघा.

खासगी किल्ली तुमच्या यंत्रावरच राहते, पण यंत्रांच्या यादीत कोण बसणार हे तुमच्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठरतं. ते खातं गेलं की घराची चावी गेली, म्हणून त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी हवीच. एवढ्या परावलंबनाला तयार नसाल, तर स्वतःचा हेडस्केल (कंपनीच्या सर्व्हरचं काम करणारा मुक्त प्रोग्राम) चालवता येतो, पण त्याला सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर लागतोच.

आई-बाबांच्या फोनवर फोटो बघायची सोय करायची असेल तर तुलना इथेच संपते. त्यांना वायरगार्डची क्यूआर फाइल फोनवर समजावत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि मधला मार्ग

सीजीनॅट आहे, पण कंपनीवर भरवसा ठेवायचा नाही: महिन्याला चार-पाचशे रुपयांचा छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) भाड्याने घ्या, वायरगार्डचं सार्वजनिक टोक तिथे ठेवा, घरच्या रास्पबेरी पायला तिथे स्वतःहून जोडू द्या. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठराविक वेळाने रिकामं पॅकेट पाठवणं) 25 सेकंद ठेवा, नाहीतर नॅट वाट विसरतं. यात वीज गेली की एक गंमत होते. बहुतेक पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज आली की ते शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून सुरू होतं. वायरगार्ड हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि व्हीपीएस आधीपेक्षा जुना शिक्का नाकारतो. इंटरनेटवरून वेळ जुळली की आपोआप सुरळीत होतं. पण घरच्या बाजूला ‘अलाउड आयपीज’मध्ये सगळं इंटरनेट बोगद्यातून वळवलं असेल, तर वेळ विचारायला जाणारं पॅकेटही त्याच बंद बोगद्यावर आपटतं आणि पाय तसाच अडकून राहतो. तिथे फक्त बोगद्याचा पट्टा लिहा.

वाट कुठलीही निवडा, डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) वापरत असाल तर यूएफडब्ल्यूवर (उबंटूची सोपी फायरवॉल) विसंबू नका. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. ‘डिनाय’ लिहिलेलं असतं आणि पोर्ट उघडाच. पोर्ट जोडताना पुढे 127.0.0.1 (यंत्राचा स्वतःपुरता पत्ता) लावा. आणि फायरवॉलला पुण्याहून हात लावायचाच असेल, तर आधी ‘सिस्टमडी-रन’ने 10 मिनिटांनी ‘यूएफडब्ल्यू डिसेबल’ होईल असा टायमर लावा, दुसरं टर्मिनल उघडून नव्याने लॉगिन होतंय ते बघा, मगच टायमर रद्द करा. चाचणी घरच्या वायफायवरून न करता मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवर बंद पोर्टही चालल्यासारखा दिसतो.

टेलस्केलवाल्यांनी एक खूण आजच करून ठेवावी: यंत्राची किल्ली मुळात 180 दिवसांनी संपते. सर्व्हरसाठी ॲडमिन पानावर ‘डिसेबल की एक्स्पायरी’ करून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी घरी कुणालातरी कीबोर्डसमोर बसवावं लागेल.