जुन्या भिंतीचा गिलावा: चुना की सिमेंट?

खेड्यातलं जुनं घर दुरुस्त करायला घेतलं की हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे: दगडमातीच्या भिंतीला चुनाच. अशा भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, म्हणून पावसाळ्यात ओलावलेली भिंत पुढे कोरड्या हवेत वाळते. सिमेंट ही वाट बंद करतं. ओल आत अडकते, क्षार साठतात, आतली माती भुसभुशीत होत जाते; वरून मात्र भिंत बराच काळ ठणठणीत दिसते, आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं.

सिमेंटची सोय खरी आहे. ते काही तासांत धरतं, 28 दिवसांत बहुतेक ताकद येते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. त्यामुळे ऋतू बघूनच काम काढावं लागतं. ताजा चुना भर पावसात धुपतो, कडक उन्हात झपाट्याने सुकून तडकतो, गोठवणाऱ्या थंडीत सुटतो. पाऊस सरल्यावरचे सौम्य दिवस उत्तम. तोवर छप्पर आणि पाण्याचा निचरा करून घ्या. भिंती थांबू शकतात. नव्याने बांधलेल्या विटांच्या खोलीला सिमेंट खुशाल वापरा.