मोयेतेला पाव कुठला: बोलियो की स्लाइस?

मेक्सिको सिटीत येऊन महिना झाला की मराठी घरात मोयेते शिरतंच. मांस नाही, सगळं ओळखीचं, आणि दहा-बारा मिनिटांत ताटात. पाव आडवा कापायचा, लोणी लावून भाजायचा, घोटलेले फ्रिहोलेस, म्हणजे राजम्यासारखे शिजवलेले दाणे, पसरायचे, चीज वितळवायचं आणि वरून पिको दे गायो, म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. एवढं सगळ्यांना येतं. अडतं ते पावापाशी. कोपऱ्यावरच्या पानादेरियातून, म्हणजे बेकरीतून, बोलियो हा कडक कवचाचा पाव आणायचा, की घरात पिशवीत असलेल्या स्लाइसवर भागवायचं? नारवार्ते भागात राहायला आल्यापासून मी दोन्ही केलं आहे. पहिलं दीड वर्ष तर निव्वळ स्लाइसच.

स्लाइसची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पिशवी आठवडाभर टिकते. सकाळी सहाला डोळे चोळत ओट्याशी उभं राहिल्यावर हाताशी असतो तो स्लाइसच, पानादेरियाचं शटर तेव्हा अर्धंच वर गेलेलं असतं. स्लाइस सपाट, त्यामुळे चीज कडेपर्यंत सारखं पसरतं. लहान मुलांना आणि दातांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना तो चावायला सोपा. माझी आई इथे तीन महिने राहिली, तिला बोलियोचं कवच टाळूला टोचायचं. तिच्यासाठी मी शेवटपर्यंत स्लाइसवरच मोयेते केलं आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. घरात कुणाची अशी अडचण असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मग माझं मन कशाने फिरलं? ओल्या बुडाने.

मुलीची शाळेची सकाळ होती. पांढरा शर्ट, गळ्यात नॅपकिन, समोर मोयेते. वरून ते अगदी देखणं होतं, चीजवर तांबूस ठिपके आलेले. तिने एका कडेने उचललं आणि स्लाइस मधोमध वाकला. आधी चीजचं पापुद्र्यासारखं झाकण घसरलं, त्यामागून काळे फ्रिहोलेस, आणि सगळं थेट शर्टवर. दुसरा शर्ट वाळत होता. बस खाली येऊन थांबली होती. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. काळ्या फ्रिहोलेसचा डाग साबणाने लगेच निघत नाही, जांभळट सावली मागे राहते.

असं एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानंतर लक्ष ठेवलं तर जवळजवळ दर वेळी तेच दिसलं. कडा कुरकुरीत, मध्यभाग ओला. ताटावर ठेवून दोन मिनिटं गेली की बूड भिजलेलं. मी काय काय करून पाहिलं! फ्रिहोलेस जास्त आटवले, स्लाइस दोनदा भाजला, तव्यावर झाकण ठेवण्याऐवजी ओव्हनमध्ये टाकला. थोडा फरक पडला, नाही असं नाही. पण स्लाइस जास्त भाजला की तो टोस्टसारखा ठिसूळ होतो आणि चावताना मोडतो. कमी भाजला की वाकतो. मधली जागा फार अरुंद आहे, आणि सकाळच्या घाईत ती मला सापडली नाही.

कारण साधं असावं. स्लाइस आतून बाहेरून सारखाच मऊ असतो. त्याला ओल अडवणारं असं काही नसतंच, कडेची पट्टी सोडली तर. बोलियोला खालून आणि बाजूंनी कवच आहे. आडवा कापला की प्रत्येक अर्धा म्हणजे एक छोटी होडी. इथल्या बायका एक गोष्ट करतात ती मी बरीच उशिरा पाहिली: कापल्यावर आतला मऊ गर, ज्याला त्या मिगाहोन म्हणतात, तो बोटांनी उपसून काढतात. सगळा नाही, बोटाच्या पेराएवढा खळगा पडेल इतकाच. मग कापलेल्या बाजूला लोणी लावून ती बाजू आधी एकटीच भाजतात, सोनेरी होईपर्यंत. लोण्याचा आणि भाजणीचा तो थर फ्रिहोलेसची ओल बराच वेळ थोपवून धरतो. त्यानंतर फ्रिहोलेस, चीज आणि परत ओव्हन. माझ्या छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाच-सहा मिनिटं लागतात. उपसलेला मिगाहोन आमच्याकडे वाया जात नाही, वाळवून कटलेटला लावतो.

अशा पद्धतीने केलेलं मोयेते हातात घेऊन मी खिडकीशी उभा राहून फोनवर बोललो आहे, पंधरा मिनिटं. वाकलं नाही. माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

बोलियोचे दोष मात्र लपवणार नाही. तो सकाळचा संध्याकाळी चिवट होतो आणि दुसऱ्या दिवशी दगड. रोज आणायचा तर रोज जावं लागतं. पण मोयेतेच्या बाबतीत हा दोष उलटा कामी येतो, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं. ताजा, गरम बोलियो मोयेतेला तितकासा चांगला नाही. आतला गर ओलसर असतो, उपसताना लोळा होतो. कालचा बोलियो नीट कापला जातो, गर कोरडा सुटतो आणि कवच ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत होतं. म्हणजे सकाळी सहाला पानादेरिया बंद असण्याचा मुद्दाच उरत नाही, पाव आदल्या संध्याकाळीच घरात आलेला असतो. जास्त झाले तर आडवे कापून फ्रीझरमध्ये टाकतो, भाजायला घेताना थेट तिथूनच काढतो.

बोलियो आणि या शहराचं नातं मला कळलं ते १९ सप्टेंबर २०२२ रोजी. १९८५ आणि २०१७ चे मोठे भूकंप याच तारखेचे, म्हणून दर वर्षी त्या दिवशी शहरभर सराव होतो. त्या वर्षी दुपारी १२:१९ ला सरावाचा भोंगा झाला, आम्ही खाली उतरून परत वर आलो, आणि १:०५ ला खरा भूकंप आला. रस्त्यावर सगळे पांढरेफटक उभे. खालच्या मजल्यावरच्या सेन्योरांनी कागदी पिशवीतून एक बोलियो काढला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘पारा एल सुस्तो’, भीतीसाठी. घाबरल्यावर पोटात कोरडा बोलियो जावा, असं इथे सगळेच मानतात. मी तो नुसताच खाल्ला. हात थरथरत होते ते हळूहळू थांबले. या आठवणीमुळे माझं पारडं थोडं झुकलं असेल, ते कबूल करतो.

तेलेराचं काय, असंही विचारतात. तोच वर्ग, पण चपटा, वर दोन खाचा पाडलेला आणि अंगाने मऊ. तोर्तासाठी, म्हणजे इथल्या सँडविचसाठी, उत्तम. मोयेतेला चालतो, स्लाइसपेक्षा नक्कीच बरा, आणि ज्यांना बोलियोचं कवच टोचतं त्यांनी आधी हा करून पाहावा. खळगा मात्र उथळ पडतो.

आता फ्रिहोलेस, कारण पाव कितीही चांगला असला तरी पातळ फ्रिहोलेस त्याला बुडवतात. हे शहर २,२४० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी साधारण ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात फ्रिहोलेस तासन्‌तास शिजत बसतात. भारतातून आणलेला कुकर इथे सोन्याच्या मोलाचा, फक्त आपल्याकडच्यापेक्षा शिट्ट्या वाढवाव्या लागतात. रात्रभर भिजवलेल्या काळ्या फ्रिहोलेसना माझ्या कुकरला आठ-नऊ लागतात. मग कांदा तेलात चांगला तांबूस करायचा, शिजलेले दाणे थोड्या पाण्यासकट घालायचे आणि कढईतच घोटायचे. डाव ओढल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि ती वाट सावकाश बुजली पाहिजे. चटकन बुजली तर अजून आटवा. ‘रेफ्रितोस’मधल्या ‘रे’मुळे दोनदा तळायचं असं वाटतं, पण इथल्या बोलीत तो ‘रे’ म्हणजे ‘चांगले, भरपूर’. एकदाच, पण नीट परतायचे.

तयार डबा किंवा पाउच घेणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचाच. ‘मान्तेका दे सेर्दो’ म्हणजे डुकराची चरबी, ‘मान्तेका वेहेताल’ म्हणजे वनस्पती तूप. नुसतं ‘मान्तेका’ लिहिलं असेल तर शाकाहारी माणसाने तो डबा ठेवून द्यावा. पानादेरियातही हाच प्रश्न विचारावा, ‘येवा मान्तेका?’, म्हणजे यात मान्तेका आहे का. आमच्या कोपऱ्यावरच्या बोलियोत नसते, दुसरीकडे असू शकते. हा मुद्दा स्लाइसच्या बाजूचा आहे हे मान्य करायला हवं, कारण पिशवीवर घटक छापलेले असतात आणि पानादेरियात बोलण्यावर विश्वास ठेवावा लागतो.

चीजबद्दल फार लिहीत नाही. वाहाका चीज तार काढतं, चिवावा जास्त लोण्यासारखं वितळतं. मुलीला तार आवडते म्हणून आमच्याकडे वाहाका.

गेल्या दिवाळीत दादरला होतो तेव्हा बहिणीने हट्ट धरला. बोलियो नव्हता. पहिल्या दिवशी लादी पावावर केलं आणि तोच ओल्या बुडाचा अनुभव आला, स्लाइससारखाच. दुसऱ्या दिवशी इराण्याकडचा ब्रून पाव आणला. कवच कडक, आत मऊ, खळगा छान पडला. गोव्यात असता तर कडक उंडो घ्या, तोही याच जातीचा. फ्रिहोलेसच्या जागी बहिणीने कोरेगावचा वाघ्या घेवडा शिजवला. घेवडा आणि राजमा मुळात अमेरिका खंडातलेच, फ्रिहोलेसचे सख्खे भाऊबंद, त्यामुळे चवीत परकेपणा जाणवला नाही. वाघ्याची साल पातळ, पटकन घोटला गेला, आणि रंगही इथल्या तपकिरी फ्रिहोलेसच्या अगदी जवळ गेला. तिच्याकडे चौघांनी आठ अर्धे संपवले आणि एकाचंही बूड ओलं झालं नाही.

तेव्हा घरात कुणाचे दात किंवा टाळू नाजूक असेल, किंवा खरोखरच पाच मिनिटांच्या वर वेळ नसेल, तर स्लाइस घ्या. फ्रिहोलेस अगदी पातळ थरात लावा आणि ताटातच काट्याने खा. नाही तर आज संध्याकाळी परतताना चार बोलियो आणा. त्यातले दोन आज रात्री सूपबरोबर ताजे खा, दोन उद्यासाठी ठेवा. कागदी पिशवीतच राहू द्या. प्लास्टिकमध्ये बांधले तर कवच रात्रीतून चामड्यासारखं होतं आणि सकाळी सुरी फिरत नाही.