गंजलेलं बेअरिंग आणि माझे ३८,६०० रुपये

सोळा वर्षं गाडी चालवतोय, तरी फसलो. हसायचं त्यांनी हसून घ्या.

कुंभार्ली घाट उतरताना माझ्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकातून जळका वास सुटला. मागे मंडपाचं सामान, संध्याकाळच्या आत गुहागर गाठायचं. घाटाखालच्या गॅरेजवाल्याने हबवर (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) पाणी मारलं. चर्रर्र! "साहेब, दोन्ही हब गेले. फोर बाय फोरचं काम आहे, असंच न्याल तर चाक निखळेल." घाबरलो. तुम्हीही घाबरला असता. अहो, भरल्या गाडीने घाट उतरल्यावर कुठल्याही पुढच्या चाकावर पाणी मारा, चर्रच होणार. उजव्यावर मारून दाखव म्हणायचं सुचलं नाही. (आणि ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी मारूच देऊ नका, वाकते.)

मग त्याने माझं 'जुनं' बेअरिंग हातावर ठेवलं. तांबूस गंज, ग्रीसचा मागमूस नाही. तिथेच कळायला हवं होतं! तासाभरापूर्वी ग्रीसमध्ये फिरणाऱ्या बेअरिंगला गंज येईल कुठून? पण लग्नघरून सारखे फोन, डोकं ठिकाणावर नव्हतं.

हब दोन, २३,००० रुपये. बेअरिंग, सील, ग्रीस ९,४००. मजुरी ६,२००. बिल वहीच्या पानावर, जीएसटी नंबर नाही. असं बिल घेऊ नका. मी घेतलं.

शृंगारतळीला पोचेपर्यंत परत तोच वास. तिथल्या मेस्त्रीने चाक जॅकवर घेतलं, हाताने हलेना. कॅलिपरचं, म्हणजे डिस्क दाबून ब्रेक लावणाऱ्या भागाचं, निपल सैल केलं, ब्रेक तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरगर फिरलं. "प्रेशर आत अडकतंय. होज, ब्रेक तेलाची रबरी नळी हो, आतून बसलाय, ब्रेक सुटत नाही." होज ९००, मजुरी ४००. चाक तापलं की आधी हे निपल सैल करून बघायला लावा, हब नंतर. 'नव्या' हबवर त्याने नख ओढलं. सिल्व्हर रंग निघाला, खाली माझाच जुना हब. ते गंजलेलं बेअरिंग तर माझ्या गाडीला बसतच नव्हतं.

पोलीस चौकीत तीन तास बसवून ऐकवलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी बाब आहे." आरटीओत गेलो, तर "गॅरेज आमच्याकडे येत नाही." मग येतं कुणाकडे? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हेसुद्धा मीच शोधलं. चौकीत कुणी सांगितलं नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५, लिहून ठेवा.

दुसऱ्यांदा चौकीत गेलो तेव्हा पंख्याने माझा अर्ज उडत होता. पुरावा म्हणून नेलेलं बेअरिंग हवालदारांनी त्यावर वजन म्हणून ठेवलं आणि जेवायला गेले.