जिभेचा कॅन्सर उलटल्यावर: मोठं ऑपरेशन की औषधं?

उपचारानंतर जिभेचा कॅन्सर पुन्हा वर आला की मुख्य वाटा दोनच उरतात: गाठीसकट बरीचशी किंवा सगळी जीभ काढायची, नाहीतर औषधांनी आजार आवरून धरायचा. पूर्ण बरं होण्याची आशा पहिल्या वाटेत जास्त आहे, पण ती सगळ्यांना सारखी नाही.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तोंड, घसा, स्वरयंत्राचा कॅन्सर उलटल्यावर ऑपरेशन झालेल्या 1080 पेशंटची माहिती एकत्र केली होती. पाच वर्षं जगले 39 टक्के. हा आकडा जिभेला जसाच्या तसा लावू नका. स्वरयंत्राचे निकाल चांगले असतात, ते यात मिसळलेत. आजार किती दिवसांनी उलटला, शेक (रेडिएशन) आधीच झालेत का आणि मानेत गाठी आहेत का, यावर बरंच ठरतं. शेक न घेतलेल्या जिभेवर दोन वर्षांनी छोटी गाठ आली, तर मी ऑपरेशनच म्हणेन. शेक संपून सहा महिन्यांच्या आत मोठी गाठ आली, तर घाई नको.

कारण पुढचं जगणं फार बदलतं. पूर्ण जीभ काढली की मांडीचा किंवा छातीचा फ्लॅप, म्हणजे तिथल्या कातडी-मांसाचा तुकडा, बसवतात. तो जागा भरतो, पण जिभेसारखा हलत नाही. घास मागे ढकलता येत नाही. पेज किंवा मिक्सरमधून काढलेली पातळ खिचडी मान मागे टाकून घशात सोडावी लागते. काहींची अन्नासाठी पोटात घातलेली नळी कायमची राहते. लाळ, पाणी श्वासनलिकेत उतरून वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर स्वरयंत्रही काढावं लागू शकतं. बोलणं घरच्यांना सवयीने कळतं, फोनवर परक्याला कळणं अवघड. शेकलेल्या जागी जखम लवकर भरत नाही, लाळ झिरपत राहते. अर्धी जीभ वाचली तर मात्र खाणं-बोलणं पुष्कळ सावरतं.

औषधांच्या वाटेवर ही मोडतोड नाही, पण मुदत थोडी. टाटा मेमोरियलच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या) औषधाचा फक्त 20 मिलिग्रॅमचा डोस दिला. वर्षभर जगणारे सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. पूर्ण डोस न परवडणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

सही करण्याआधी पेट स्कॅन (आजार शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) करून फुप्फुसं स्वच्छ आहेत ना, ते बघा. मग सर्जनना थेट विचारा: सगळ्या बाजूंनी मोकळं मार्जिन, म्हणजे गाठीभोवती कॅन्सर नसलेली कड, मिळेल का? उत्तर ‘आत गेल्यावर बघू’ असं आलं, तर केस आधी ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या कॅन्सर-तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) ठेवायला सांगा.